जुनं ८१३९ कार्ड आणि ड्रायव्हरची शोधाशोध

जुन्या रिअलटेक ८१३९ नेटवर्क कार्डासाठी ड्रायव्हर डाउनलोड करायच्या मागे लागू नकोस. ‘फ्री ड्रायव्हर’ देणाऱ्या साइटवरून कार्डापेक्षा व्हायरसच आधी चालू होतो. या कार्डाचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यातच, कित्येक वर्षांपासून आहे.

आधी चिपवर काय छापलंय ते वाच. डब्यावरच्या नावावर जाऊ नकोस, एकच चिप ढीगभर ब्रँडांनी विकली. मग टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएन’ (lspci -nn) ही जोडलेल्या कार्डांची यादी दाखवणारी कमांड दे. ओळीत ‘१०ईसी:८१३९’ (10ec:8139) हा आयडी दिसला की कार्ड ओळखलं. आता त्याच ओळीच्या शेवटचा ‘रेव्ह’ (rev, चिपची आवृत्ती) बघ, कारण खरी गंमत तिथेच आहे. या एकाच आयडीसाठी दोन ड्रायव्हर आहेत: साध्या चिपसाठी ‘८१३९टू’ (8139too) आणि रेव्ह २० किंवा त्यापुढच्या सी-प्लस चिपसाठी ‘८१३९सीपी’ (8139cp). चुकीचा लोड झाला तर तो स्वतःच ‘दुसरा वापर’ असं सांगून बाजूला होतो. हा निरोप कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ (dmesg) कमांडमध्ये मिळेल. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

कार्ड दिसतच नसेल तर ते काढून, स्लॉटमध्ये जाणारी कडा पुसून, दुसऱ्या स्लॉटमध्ये बसव.

वेगाची फार अपेक्षा ठेवू नकोस. कार्ड १०० एमबीपीएसचं असलं तरी साधी चिप आलेलं प्रत्येक पॅकेट मेमरीतल्या एकाच गोल बफरमध्ये (फिरून फिरून भरल्या जाणाऱ्या जागेत) टाकते आणि तिथून ते उचलून कॉपी करायची हमाली प्रोसेसरला करावी लागते. जुन्या पेंटियमला मोठी फाइल घेताना घाम फुटतो तो त्यामुळे.

ड्रायव्हर लिहायला शिकायचं असेल तर मात्र हेच कार्ड घे. क्यूएमू (QEMU) या नकली कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये ते आयतं मिळतं, स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही.