गाळाची ट्रॉली अर्ध्यावर थांबते: जॅक उघडायच्या आधी एवढं बघा

भाऊ, तुमच्या ट्रॉलीचं दुखणं असं दिसतं: शेणखत भरलं की माल ओतायला पूर्ण उचलली जाते, तलावातला ओला गाळ भरला की अर्ध्यावर थांबते, आणि लिव्हर मधल्या (न्यूट्रल) जागी ठेवली तरी हळूहळू खाली बसते. मिस्त्री म्हणतो, ट्रॉली उचलणाऱ्या तेलाच्या जॅकचं सील (तेल अडवणारं रबर) गेलं, सीलचं किट आणा. माझं स्पष्ट मत आहे, जॅक इतक्यात उघडू नका.

ट्रॉलीच्या टेलिस्कोपिक जॅकला (एकात एक बसलेल्या नळ्यांचे टप्पे असलेल्या) तेल एकाच बाजूनं मिळतं, खाली येतो तो वजनानं. सील गेलं तर तेलाला निसटायला बाहेरचीच वाट असते, जॅकच्या आत दुसरी जागाच नाही. म्हणून जॅकचे टप्पे फडक्यानं कोरडे पुसा, ट्रॉली भरून चढवा आणि लांबून बघत राहा. सील गेलेल्या जॅकवर तेलाचा ओघळ येतो, त्यावर धूळ बसून काळा चिखल होतो, तो लपत नाही. टप्पे कोरडे, पाइप-जोडही कोरडे आणि तरी ट्रॉली बसतेय, म्हणजे तेल पाइपातून परत ट्रॅक्टरमध्ये चाललंय. लाइनला कॉक असेल तर ट्रॉली चढवून तो बंद करा. बसणं थांबलं, तर दोष ट्रॅक्टरच्या, तेल सोडणाऱ्या-अडवणाऱ्या व्हॉल्व्हकडे आहे हे पक्कं.

आता अर्ध्यावर का थांबते ते. जॅकचा जाड टप्पा आधी निघतो, बारीक नंतर. १५० किलो प्रति चौरस सेंमी दाब धरला, तर १० सेंमी व्यासाचा टप्पा साधारण ११,८०० किलो जोर लावतो, ८ सेंमीचा फक्त ७,५००. एरवी ट्रॉली उचलली की माल फाळक्याकडे (मागच्या दाराकडे) सरकतो आणि जॅकवरचा भार कमी होत जातो. काळ्या मातीचा ओला गाळ तसा सरकत नाही, पुढच्या पत्र्याला चिकटून बसतो. भार तसाच, जोर मात्र घटलेला, म्हणून टप्पा बदलताना ट्रॉली अडते. शेणखताला पूर्ण चढते याचा अर्थ तेल पुरतंय आणि टप्पाही कुठं अडकत नाही. कमी पडतोय तो दाब.

दाब अंदाजानं ठरवू नका. ट्रॅक्टरच्या टिपिंग आउटलेटला (जिथून ट्रॉलीला तेल जातं) टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून २५० किलोपर्यंतचा दाबाचा गेज बसवा, इंजिन रेसवर ठेवून लिव्हर ओढा, रिलीफ व्हॉल्व्ह (दाब हद्दीबाहेर गेला की तेल परत सोडणारा) सुटतो तेव्हाचा आकडा घ्या आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा. गेज मिळाला नाही तर शेजाऱ्याचा तेवढ्याच ताकदीचा ट्रॅक्टर तुमच्या भरलेल्या ट्रॉलीला जोडा. त्यानं उचलली, तर जॅकवर एक रुपयासुद्धा घालवायची गरज नाही.

दाब कमी भरला तर थंड-गरमचा फरक बघा. सकाळी बरी चालते आणि एप्रिल-मेच्या उन्हात तेल तापलं की मरगळते, तर पंप झिजलाय, पातळ झालेलं तेल त्यातून मागं सरतं. उलट सकाळी जड आणि नंतर सुधारते, तर आधी सक्शनची जाळी (पंप तेल ओढतो तिथली) काढून धुवा. तेलाला फेस येत असेल तर पंप कुठूनतरी हवा ओढतोय. तेल दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय, ते बदलावंच लागेल. रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद केल्यावर तोही खाली येतो का? येत असेल तर लिफ्टच्या (अवजार उचलणाऱ्या भागाच्या) पिस्टनचा ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, किंवा तिथला व्हॉल्व्ह तपासा. काही ट्रॅक्टरना लिफ्टकडचं तेल बंद करायचा नॉब असतो. तो अर्धवट फिरला तर तेल दोन्हीकडे वाटलं जातं. हे आधी बघा, यात खर्च शून्य.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून दाब वाढवायचा सल्ला कुणीतरी देईलच. ऐकू नका. पंपाची बॉडी तडकते, जुना पाइप फुटतो. आणि पाइपातून बारीक फवारा दिसला तर बोट लावून शोधू नका, पुठ्ठा धरा. त्या दाबाचं तेल कातडीत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी वेळ न घालवता दवाखाना गाठावा लागतो, नाहीतर बोट जायची वेळ येते. उचललेल्या ट्रॉलीखाली वाकायचं असेल तर ट्रॉली आधी रिकामी करा आणि चेसिसवर मजबूत टेकू द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणालाही खाली जाऊ देऊ नका.

गाळाचं काम थांबवता येत नसेल तर तोवर ट्रॉली पाऊणच भरा, पुढच्या पत्र्याजवळ कमी आणि फाळक्याकडे जास्त, आणि फाळका उघडूनच लिव्हर ओढा. पण मागं इतकंही भरू नका की हुकावरचं वजन उडून ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतील. पलटी करताना जमीन सपाट हवी, वर विजेची तार नको. ट्रॉली एका अंगाला कलली तर जॅक वाकतो, आणि मग मात्र खरंच नवा घ्यावा लागेल.

गेजचा आकडा, ट्रॅक्टरचं मॉडेल आणि रोटाव्हेटर बसतो की नाही, एवढं कळवा. पुढं व्हॉल्व्ह आधी खोलायचा की पंप, ते त्यावरून सांगता येईल.