गाडी तापते आणि बंदही पडते: दोष एक की दोन?

प्रश्न: माझ्याकडे पंचवीस वर्षे जुनी, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) असलेली पेट्रोल गाडी आहे. मोकळ्या रस्त्यावर ती उत्तम चालते. परंतु वाहतुकीच्या कोंडीत अर्धा तास अडकल्यास तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो, इंजिन अडखळते आणि बंद पडते. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटे ते सुरूच होत नाही. रेडिएटर नवीन बसवला आहे. आता मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून टाकण्यास सांगतात. तसे करावे काय?

उत्तर: थर्मोस्टॅट काढू नये. तो कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप आहे; तो साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडतो आणि इंजिन योग्य तापमानावर ठेवतो. तो बंद स्थितीत अडकला असता, तर गाडी मोकळ्या रस्त्यावरही तापली असती. आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती हीच आहे की वेगात असताना काटा खाली राहतो. वेगात रेडिएटरला समोरून आपोआप वारा मिळतो, कोंडीत मात्र सारी मदार पंख्यावर असते. म्हणून रेडिएटर बदलण्याआधी पंखा तपासायला हवा होता.

काटा वर चढू लागल्यावर विजेचा पंखा फिरतो का, ते पाहावे. फिरत नसल्यास इंजिन बंद करून रेडिएटरवरील तापमान-स्विचची जोडणी काढावी आणि तिच्या दोन तारा एकमेकींना जोडाव्यात (स्विच दोन तारांचा असेल तरच). इग्निशन चालू केल्यावर पंखा फिरला तर स्विच निकामी आहे; नाही फिरला तर फ्यूज, रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच) आणि मोटर या क्रमाने पाहावे. हात मात्र पंख्यापासून दूर ठेवावा, कारण काही गाड्यांत तो इग्निशन बंद असतानाही अचानक सुरू होतो. पंखा विजेचा नसून इंजिनाच्या पट्ट्यावर (बेल्टवर) चालणारा असल्यास पट्ट्याचा ताण आणि पंख्याचा क्लच तपासावा.

रेडिएटरच्या झाकणाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ते दाब धरून ठेवते म्हणून कूलंटचा उत्कलनबिंदू वाढतो. त्याचे रबर कडक झाले असेल, तर कूलंट अपेक्षेपेक्षा लवकर उकळते. हे झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडावे, अन्यथा उकळते पाणी अंगावर उसळते.

आता बंद पडण्याविषयी. उष्णतेने तो दोष उघडा पडत असला, तरी तो स्वतंत्र असू शकतो, आणि पंखा दुरुस्त झाल्यावर तो केवळ दडून राहण्याची शक्यता मला अधिक वाटते. गाडी बंद पडल्यावर ती थंड होण्याची वाट न पाहता तेव्हाच तपासणी करावी. थंड इंजिनावर हा दोष सापडत नाही. स्पार्क प्लगच्या एका वायरला जादा प्लग लावून, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून, इन्सुलेटेड पकडीने धरून स्टार्टर फिरवावा. निळसर, जोरदार ठिणगी पडत नसेल, तर संशय इग्निशन कॉइलवर (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणाऱ्या भागावर) किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन असल्यास त्याच्या मॉड्यूलवर (नियंत्रक भागावर) जातो. हे दोन्ही भाग तापल्यावर दगा देतात आणि थंड होताच पुन्हा शहाण्यासारखे वागू लागतात.

ठिणगी चांगली असेल, तर इग्निशन बंद करून एअर फिल्टर काढावा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहत अॅक्सिलरेटर दाबावा. पेट्रोलची चिळकांडी उडाली नाही, तर नळीत पेट्रोलची वाफ अडकली असण्याचा संभव आहे. एग्झॉस्टजवळून जाणारी नळी दूर बांधणे आणि इंधनपंपाखालचा उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे की नाही हे पाहणे, एवढ्याने अनेकदा काम भागते. ठिणगीची चाचणी पेट्रोलच्या वासाजवळ कधीही करू नये.

हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांमधील सील) फुटल्याची शंका आपल्या वर्णनावरून येत नाही. तथापि कूलंट गळती न दिसता कमी होत असेल, ऑइल दुधाळ दिसत असेल किंवा थंड इंजिन सुरू करताच काही क्षणांत रबरी नळ्या टणक होत असतील, तर गाडी चालवणे थांबवून सिलिंडरमधील दाबाची चाचणी करून घ्यावी. दुरुस्ती होईपर्यंत कोंडीत काटा चढू लागल्यास गाडीतील हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा जोरात सोडावा, आणि तरीही काटा चढत राहिल्यास गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे.