उलटतपासणीनंतरची रात्र

"कोर्टात काम चोख होते, पण घरी आल्यावर झोप लागत नाही, म्हणजे मी वकिलीला नालायक आहे का?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणारे तरुण वकील वारंवार विचारतात. त्यांपैकी एकीची हकीकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे देत आहे.

या बाई पुण्यात एका सिनियरच्या चेंबरमध्ये वाणिज्यिक दावे आणि कामगार न्यायालयातील मॅनेजमेंटच्या बाजूची प्रकरणे अशी दोन्ही कामे पाहत होत्या. घरच्यांच्या मते हा कामाचा ताण होता, तर फाइल बांधली की विसरून जावे असे सिनियर सांगत. मला दोन्ही निदाने घाईची वाटली. ज्या रात्री जाग येईल, त्या रात्री डोक्यात नेमकी कोणती फाइल होती, एवढेच तीन आठवडे लिहून ठेवा, असे मी त्यांना सुचवले.

वहीत बहुतेक रात्री तारखांच्या निघाल्या. 2015 च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्यानुसार समन्स बजावल्यापासून 120 दिवस उलटले की लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचे लेखी उत्तर, देण्याचा हक्कच जातो आणि न्यायालयालाही ती दाखल करून घेता येत नाही. त्या धास्तीने त्या अपरात्री उठून मोबाइलवर दिवस मोजत बसत. मुदतींची वेगळी नोंदवही आणि तिच्यावर कारकुनाची दुसरी नजर, एवढ्याने त्या रात्री थांबल्या. खरे तर ते काम समुपदेशकाचे नव्हतेच.

उरलेल्या पाचही रात्री मात्र एकाच माणसाच्या होत्या. कामावरून काढलेल्या एका चार्जहँडने, म्हणजे कामगारांच्या छोट्या गटाच्या प्रमुखाने, 1971 च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या राज्याच्या कायद्याखाली तक्रार केली होती. तो कामगार नव्हेच, पर्यवेक्षक आहे, असा कंपनीचा बचाव होता. तो मान्य झाला की अशी तक्रार टिकत नाही. हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष कामाला महत्त्व असल्यामुळे तो इतरांच्या रजा मंजूर करत असे हे दाखवायला बाईंनी उलटतपासणीत त्यांचे रजेचे अर्ज पुढे केले आणि विचारले, "'मंजूर'खाली सही तुमचीच ना?" साक्षीदाराने शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला आणि तो म्हणाला, "सही माझीच आहे, पण साहेबांनी फोनवर..." "फक्त हो की नाही, तेवढे सांगा," असे म्हणून बाईंनी त्याला तिथेच तोडले.

मी त्यांना विचारले, "तुम्हाला काय टोचते, त्याची गेलेली नोकरी की त्याचे अर्धे राहिलेले वाक्य?" बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "वाक्य."

पुढच्या दोन भेटी आम्ही त्या एका शब्दावर घालवल्या. अशिलाची बाजू मांडणे हे त्यांचे कामच होते, आणि राहिलेला खुलासा फेरतपासणीत, म्हणजे उलटतपासणीनंतर स्वतःच्या साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारून, काढून घेणे हे समोरच्या वकिलाचे; पण वाक्य तोडले होते त्यांनीच. ही टोचणी काढून टाकण्याचा प्रयत्न मी केला नाही, कारण मला ती आजार वाटली नाही. साक्षीदाराला बोलू दिले असते तर प्रकरण हातचे गेले असते का, असे विचारल्यावर मॅनेजमेंटकडे आणखी कागद होते, हे त्यांना स्वतःलाच आठवले.

त्या प्रकरणाचा निकाल अजून लागलेला नाही. बाईंनी वकिली सोडलेली नाही. आता त्या साक्षीदाराचे उत्तर पुरे होऊ देतात आणि मगच पुढचा प्रश्न विचारतात, त्यामुळे वेळ जातो म्हणून सिनियर कुरकुरतात. शेवटच्या भेटीत आणलेल्या वहीत त्या महिन्यातील जागरणाची एकच नोंद होती: "मुलाला ताप."