पणजीत नवीन आलास ना, मग आधी हे कर

पहिल्या महिन्यात सगळा गोवा पाहायची घाई करू नकोस. सकाळी कांपालच्या बागेत जा. मांडवीचा वारा आणि जुन्या झाडांची सावली मिळते, तेवढ्यावर अख्खा दिवस चांगला जातो. आल्तिनोची चढण संध्याकाळी.

स्वयंपाक मात्र घरीच, यावर मी ठाम आहे. मार्केटात भाजीवाल्या बाईला विचार, "बाय, ही कशी रांदतात?" ती मनापासून सांगेल. सुरुवात तांबड्या भाजीने, म्हणजे लाल माठाने कर: कांदा, हिरवी मिरची, बारीक चिरलेली भाजी. पाणी अजिबात घालू नकोस, तिच्या अंगचंच पुरतं. शेवटी मूठभर ओलं खोबरं. जोडीला उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. आगशीची वांगी दिसली तर सोडू नकोस, भाजायला त्यांच्यासारखी दुसरी नाहीत. शुक्रवारी सुट्टी मिळाली तर म्हापशाचा बाजार गाठ, पण सकाळीच.

रविवारी रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जा. तिथे खारफुटीत सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. दुर्बीण नसेल तर माझी घेऊन जा.