ओव्हरलॅप, ओव्हरलॉक आणि पदर

सोलापूरच्या एका वाचकांचा प्रश्न असा : ‘दोन कामांच्या वेळा ओव्हरलॅप होतात, हे कार्यालयीन टिप्पणीत मराठीत कसं लिहावं? आमच्याकडे “अतिव्याप्ती” लिहितात, ते बरोबर का? आणि ओव्हरलॅप हा शब्द मुळात कुठून आला?’

अतिव्याप्ती लिहू नका. कारण पुढे देतो. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण याच गावात हा शब्द रोज चुकीचा कानावर पडतो. कापडाच्या कडेला धाग्याची जाळी विणणाऱ्या मशीनला सर्रास ‘ओव्हरलॅप मशीन’ म्हणतात. ते ओव्हरलॉक आहे. त्यात एक सुई आणि दोन लूपर (धाग्याचे फास करणारे आकडे) असतात (चार धाग्यांच्या मशीनला दोन सुया), सोबत कडेचं कापड छाटणारी सुरी. लूपरचे धागे कडेवरून वळसा घेऊन सुईच्या धाग्यात अडकतात, म्हणजे लॉक होतात. कापड कापडावर कुठेच चढत नाही, दोन्ही तुकड्यांच्या कडा फक्त जुळवून लावलेल्या असतात. मग लॅप कुठला?

हा नुसता उच्चाराचा दोष असता तर सोडून दिलं असतं. पण शिलाईत ओव्हरलॅप नावाची वेगळी शिवण खरोखरच आहे. जीन्सच्या पायाला किंवा जाड शर्टाच्या कुशीला दोन समांतर टिपा दिसतात, ती. तिथे एका तुकड्याची कड दुसऱ्याच्या कडेभोवती दुमडून घेतात आणि मग चपटी टीप मारतात. त्यासाठी माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेलं जादा कापड, दोन्हीकडे सारखी ठेवून चालत नाही. एका बाजूला ७ मिलिमीटर असेल तर दुसरीला १४ च्या आसपास लागते. ओव्हरलॉकला दोन्हीकडे सारखी, साधारण १ सेंटिमीटर पुरते. ‘कुशीला ओव्हरलॅप’ एवढीच चिठ्ठी कटिंग मास्तरकडे गेली आणि त्याने ते ओव्हरलॉक समजून नेहमीप्रमाणे सारखी माया सोडली, तर दुमडायला कापड उरत नाही. कच्ची कड टिपेबाहेर डोकावते आणि पहिल्या धुण्यात उसवायला लागते. म्हणून मशीनला ओव्हरलॉक म्हणा आणि शिवणीला ओव्हरलॅप. दोन्ही शब्द वेगवेगळ्या कामाचे आहेत.

आता मूळ. ‘ओव्हर’ म्हणजे वर, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरी गंमत ‘लॅप’मध्ये आहे. जुन्या इंग्रजीत ‘लॅप्पा’ म्हणजे वस्त्राचा सुटा, लोंबता भाग. जर्मन भाषेत आजही ‘लाप्पेन’ म्हणजे चिंधी, फडकं. डच भाषेत ‘लाप’ म्हणजे कापडाचा तुकडा, ठिगळ. जुन्या इंग्रजीत कानाच्या लोंबत्या पाळीलाही हाच शब्द लागलेला आहे. कोटाच्या कॉलरखाली उलटून बसवलेला भाग, लॅपेल, तो याच लॅपचं धाकटं रूप. पुढे वस्त्राच्या त्या सुट्या भागात धान्य, फळं, मूल घ्यायची सवय, म्हणून लॅप म्हणजे मांडी. लॅपटॉप हा त्याच मांडीवर बसला. कापड गुंडाळणं, एकावर एक घडी घालणं या क्रियेलाही लॅपच म्हणू लागले आणि त्यातून ओव्हरलॅप हे क्रियापद तयार झालं. मांजर दूध चाटतं तेही इंग्रजीत लॅपच, पण त्याचं मूळ निराळं आहे. ते इथे आणू नका.

हे वाचताना मराठी माणसाला काय आठवायला हवं? पदर! वस्त्राचा सुटा, लोंबता भाग तो पदर. त्यात घ्यायचं म्हणून पदरात घेणं, पदरी पडणं, पदरमोड. आणि एकावर एक थर म्हणजेही पदर : पोळीला पदर सुटतात, दोरीला पीळ देताना पदर मोजतात, शब्दालाही अर्थाचे पदर असतात. लोंबतं वस्त्र, त्यातली झोळी आणि एकावर एक थर, या तिन्ही जागा इंग्रजी लॅपने गाठल्या आणि मराठी पदरानेही गाठल्या. दोन्ही शब्दांचं मूळ एक नाही, नातंही नाही. अंगावरच्या कापडानेच दोघांना एका वाटेने नेलं. म्हणून वस्तूंच्या ओव्हरलॅपसाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही, आपल्याकडे पदर आहे, असं माझं ठाम म्हणणं आहे. ‘पत्र्याला सहा इंच पदर द्या’ हे वाक्य कोणत्या मिस्त्रीला कळणार नाही?

पत्र्याचा विषय आलाच आहे तर तो पूर्ण करतो. उताराच्या दिशेने वरच्या पत्र्याचा खालच्यावर किमान १५० मिलिमीटर पदर हवा. बाजूच्या पदराची उघडी कड वाऱ्याकडे तोंड करून ठेवायची नाही. सोलापुरात पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पहिला पत्रा पूर्वेच्या टोकाला टाका आणि पश्चिमेकडे सरकत जा. प्रत्येक नवा पत्रा आधीच्यावर चढतो आणि त्याची कड पूर्वेला राहते. उलट सुरुवात केली की वारा कडेखाली पाणी घुसवतो. काँक्रीटमधले दोन गज जोडताना त्यांची टोकं शेजारी शेजारी ठेवतात, तोही लॅपच. साइटवर ५० पट व्यास धरतात, म्हणजे १२ मिलिमीटरच्या गजाला ६०० मिलिमीटर, दोन फूट. पण सगळे लॅप एकाच रेषेत घेतले तर तीच रेष कमकुवत होते, ते मागेपुढे घ्यावे लागतात.

काही परिभाषाकारांनी ओव्हरलॅपला ‘अतिव्याप्ती’ सुचवलेलं आहे आणि तिथेच माझं त्यांच्याशी भांडण आहे. अतिव्याप्ती हा न्यायशास्त्रातला, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातला, लक्षणाचा (व्याख्येचा) दोष आहे. ‘जिला शिंगं असतात ती गाय’ असं लक्षण केलं तर ते म्हशीलाही लागू पडतं, ही अतिव्याप्ती. ‘जी तांबूस असते ती गाय’ म्हटलं तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. म्हणजे अतिव्याप्तीत एकच गोष्ट आपली हद्द ओलांडते, तर ओव्हरलॅपमध्ये दोन गोष्टींचा थोडा भाग सामायिक असतो आणि त्यात दोष असेलच असं नाही. शतकांपूर्वी नेमका अर्थ ठरलेला शब्द असा सैल वापरला तर न्यायाच्या विद्यार्थ्याने काय वाचायचं? ‘परस्परव्यापन’ चुकीचं नाही, पण ते तोंडी बसणार नाही. गणितापुरता प्रश्न शाळेच्या पुस्तकाने कधीच सोडवला आहे : दोन संचांतले सामायिक घटक म्हणजे छेद संच.

टिप्पणीत साधं लिहा : ‘दोन्ही बैठकांच्या वेळा अर्ध्या तासासाठी एकमेकींवर येतात.’ छापलेल्या मजकुरासाठी ‘अक्षरं एकमेकांवर चढली आहेत’. अधिकाऱ्यांच्या कामाबद्दल असेल तर ‘दोघांच्या कार्यकक्षेतला काही भाग सामायिक आहे’. वेळेला पदर लावू नका, तिथे तो शोभत नाही.

लॅप शब्द या गावाला नवा नाही. गिरण्यांच्या ब्लोरूममधून, म्हणजे कापूस साफ करण्याच्या खात्यातून, पिंजलेला कापूस गादीसारखा पसरट होऊन गुंडाळला जायचा. त्या गुंडाळीला कामगार लॅपच म्हणत. लॅप कार्डिंगला, म्हणजे तंतू विंचरणाऱ्या यंत्राला, लागला की पेळू (कापसाची सैल दोरी) निघायचा. इथेही अर्थ तोच, गुंडाळलेलं, थरावर थर आलेलं.

आणि लॅप-लॉकमधला फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर हातमागाची इरकल साडी घ्या. तिच्या अंगाचा ताणा (लांबीतले उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगवेगळा असतो. ते जोडताना एक दुसऱ्यावर चढवत नाहीत. अंगाच्या ताण्याच्या फासात पदराच्या ताण्याचा फास अडकवत जातात, धाग्यामागून धागा. जोडावरून बोट फिरवलं तर कापडावर कापड चढल्याची जाडी लागत नाही. पदर जोडलेला आहे, पण पदर दिलेला नाही. ते लॉक आहे.