क्लोरीनवर फ्लोरीनची सरशी कशामुळे?

प्रश्न : फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन ही हॅलोजन मूलद्रव्ये आवर्त सारणीत एकाखाली एक येतात. त्यांतला वरचा हॅलोजन खालच्या हॅलोजनला त्याच्या क्षारातून विस्थापित करतो, कारण इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची त्याची क्षमता अधिक असते, असे शिकवले जाते. मात्र कोष्टकांनुसार इलेक्ट्रॉन स्वीकारताना क्लोरीनचा अणू फ्लोरीनपेक्षा अधिक ऊर्जा बाहेर टाकतो. मग फ्लोरीन अधिक क्रियाशील कसा?

उत्तर : कोष्टक बरोबर आहे, अपुरे आहे ते शिकवलेले कारण. एक मोल (म्हणजे ठरावीक मोठ्या संख्येतील) सुट्या अणूंनी प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन घेतला, तर क्लोरीनकडून सुमारे ३४९ आणि फ्लोरीनकडून सुमारे ३२८ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. फ्लोरीनचा अणू इतका लहान असतो, की नव्या इलेक्ट्रॉनला आधीच्या इलेक्ट्रॉनांच्या दाटीत शिरावे लागते. पण प्रत्यक्षात आपल्या हाती सुटे अणू नसतात. आधी रेणूतील बंध तुटतो, मग अणू इलेक्ट्रॉन घेऊन आयन बनतो आणि अखेरीस त्या आयनाभोवती पाण्याचे रेणू जमतात. हा सगळा जमाखर्च मांडला तरच क्रम कळतो. फ्लोरीनचा बंध तोडायला मोलमागे सुमारे १५८ किलोज्यूल पुरतात, क्लोरीनला २४२ लागतात. शिवाय इवल्याशा फ्लोराइड आयनाला पाणी फार घट्ट बिलगते आणि त्यातून बरीच ऊर्जा सुटते. म्हणूनच प्रमाण क्षपण विभव, म्हणजे द्रावणात इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या प्रवृत्तीचे माप, फ्लोरीनचा २.८७, क्लोरीनचा १.३६, ब्रोमीनचा १.०७ आणि आयोडीनचा ०.५४ व्होल्ट असा उतरत जातो.

फ्लोरीनचे हे वर्चस्व जलीय द्रावणात दाखवता मात्र येत नाही, कारण तो क्षाराआधी पाण्यावरच तुटून पडतो. उरलेल्या तिघांच्या प्रयोगात रंग फसवतो. पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये आयोडीनचे द्रावण घातले की मिश्रण तपकिरी दिसते आणि पुष्कळ विद्यार्थी वहीत ‘अभिक्रिया झाली’ असे लिहून मोकळे होतात. वास्तविक तो रंग घातलेल्या आयोडीनचाच असतो. पाण्यात न मिसळता वर तरंगणारे थोडे सायक्लोहेक्झेन घालून परीक्षानळी हलवावी : वरचा थर जांभळा झाला तर तेथे आयोडीन आहे, नारिंगी झाला तर ब्रोमीन. येथे तो जांभळाच राहतो.

पोटॅशियम आयोडाइडमध्ये क्लोरीनचे पाणी थेंब थेंब घातल्यास द्रावण आधी पिवळे, मग तपकिरी होते. हात सैल सुटून क्लोरीन जास्त पडला तर तपकिरी रंग नाहीसा होतो, कारण क्लोरीन आता मुक्त झालेल्या आयोडीनकडूनही इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि रंगहीन आयोडेट तयार होते.