रोझेशिया: लेसरची घाई करण्यापूर्वी
तुम्ही लेसर करून घ्यावे का, असे विचारले आहे; पण रोझेशियाचे (चेहऱ्यावर लाली आणि पुळ्या आणणाऱ्या त्वचाविकाराचे) तुमचे निदान नुकतेच झाले असल्याने लेसरची घाई करू नये, असे मला वाटते. पल्स्ड डाय लेसरचा ५९५ नॅनोमीटरचा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते आणि त्या उष्णतेने रुंदावलेल्या केशवाहिन्या बंद होतात. त्यामुळे तो लालीवर उपयोगी पडतो, पुळ्यांवर फारसा नाही. पुळ्यांसाठी आयव्हरमेक्टिन किंवा मेट्रोनिडाझोलचे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने ८ ते १२ आठवडे नेटाने लावावे लागते. लेसरच्या सहसा अनेक बैठका लागतात, आणि सावळ्या त्वचेवर डाग पडण्याचा धोका अधिक असल्याने त्वचारोगतज्ज्ञ अनुभवी असावा. स्टेरॉइडचे मलम मात्र परस्पर लावू नका. सुरुवातीला आराम पडतो (मीही त्यालाच भुललो होतो), पण पुढे लाली अधिकच भडकते. डोळे चुरचुरत असतील, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.